मनोऱ्याचा पायथा

घर वाटून झालं, पुस्तकं वाटून झाली, गाडी त्याच्याकडे गेली आणि मोठं कपाट तिच्याकडे आलं. ऑफिस मात्र वाटता आलं नाही. एकच खोली, दोन टेबलं, एक रुंद खिडकी, नकाशे ठेवायचं खणांचं लांबलचक कपाट आणि दारावर दोघांच्या नावांची पाटी. घटस्फोटाचा कागद हातात पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघंही नेहमीच्या वेळेला कामावर हजर झाले, कारण एका शाळेच्या छताचे नकाशे त्याच दिवशी द्यायचे होते.

कॉलेजात त्याला सगळे ‘खांब’ म्हणायचे. उंच, सडपातळ, आणि बोलणं म्हणाल तर तेही खांबाइतकंच. तिच्या नखांत कायम माती असायची म्हणून तिचं ‘माळीण’ हे नाव त्यानेच पाडलं होतं. तो इमारती करायचा, ती मोकळ्या जागा करायची. बागा, अंगणं, चौक. वेगळं झाल्यावर कामाची वाटणीही त्यांनी तशीच ठेवली. भिंतीच्या आतलं त्याचं, बाहेरचं तिचं. एकमेकांच्या टेबलाशी जायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण जाणं थांबलं. नकाशे इकडून तिकडे न्यायचं काम म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनकडे आलं. त्यांना दोघंही काका म्हणत. “मला ड्राफ्ट्समन म्हणून ठेवलंय का पोस्टमन म्हणून, तेवढं एकदा सांगून टाका,” असं ते अधूनमधून खिडकीकडे बघून म्हणत.

दोन वर्षं हे नीट चाललं. मग विद्यापीठाचं काम आलं.

विद्यापीठाची एक जुनी घंटा होती. ती ज्या परीक्षागृहाबाहेर टांगलेली होती ते पाडलं गेलं आणि घंटा गोदामात, मोडक्या बाकांच्या मागे जाऊन पडली. नव्या कुलगुरूबाईंना ती तिथे दिसली आणि त्यांनी मनावर घेतलं. ग्रंथालय आणि विज्ञानशाखेची इमारत यांच्यामध्ये एक उतरती, ओसाड जागा होती. विद्यार्थी तिच्यातून नुसते तिरके पलीकडे जायचे. तिथे घंटेसाठी मनोरा बांधायचा, त्याच्याभोवती पोरांना बसण्याउठण्यासारखा झाडांचा चौक करायचा. मनोरा आणि चौक, काम एकच.

“मनोरा माझा,” खांब म्हणाला.

“चौक माझा,” माळीण म्हणाली.

काकांनी चष्मा पुसला आणि दोघांच्या टेबलांवर कोरे कागद लावून दिले.

त्याने मनोरा सुरेख काढला. चार सडसडीत विटांचे खांब, वर जाताना किंचित आत झुकणारे, आणि सगळ्यात वर, चारी बाजूंनी उघड्या कोठडीत घंटा. खाली जाड दगडी चौथरा, त्यावर खांबांमध्ये भिंती, त्यांत दार, आत जिना. तिने चौकही मन लावून केला. जागेच्या मधोमध छत्रीसारखा पसरलेला जुना शिरीष होता. त्याच्या मुळांवर भराव पडू नये म्हणून तिने फरशी बुंध्याच्या पातळीला खाली घेतली, कडेने पायऱ्यापायऱ्यांची बैठक केली आणि ग्रंथालयाकडून येणारी वाट सावलीतून वळवून आणली. तिच्या कागदावर झाडाच्या पलीकडे एक पांढरा चौकोन होता आणि त्यात ‘मनोरा’ एवढंच लिहिलं होतं. त्याच्या कागदावर मनोरा येऊन एका जाड रेघेवर थांबत होता आणि त्या रेघेखाली ‘जमीन’ असं लिहिलं होतं.

कुलगुरूबाईंना दाखवायला काकांनी पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. चौक एका फळीवर, मनोरा सुटा. सभागृहात आठ-दहा माणसं होती. प्राध्यापक, कुलसचिव आणि बांधकाम विभागाचा इंजिनियर. खांबाने मनोऱ्यावर थोडं बोलून घेतलं, माळिणीने चौकावर बरंच बोलून घेतलं. कुलगुरूबाई गणिताच्या. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग उठल्या आणि त्यांनी मनोरा दोन बोटांनी अलगद उचलला. खाली कोरा पुठ्ठा होता.

त्यांनी मनोरा परत ठेवला. तो नीट बसेना. चौथरा फरशीच्या बराच वर राहिला आणि छोटंसं दार हवेत उघडलं.

“पोरं इथपर्यंत आली, की मग काय करतात?” त्यांनी विचारलं. “उडी मारतात?”

इंजिनियर खोकल्यासारखं करून हसला.

“फरशी माझ्याकडे इथे संपते,” माळीण म्हणाली.

“माझी पातळी इथून सुरू होते,” खांब म्हणाला.

दोन पातळ्यांमध्ये सत्तर सेंटिमीटरचं अंतर होतं. सगळे कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे बघत होते. माळिणीचे कान तापले. इतक्या वर्षांच्या कामात असं तोंडघशी पडायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

“तुम्ही दोघं एकाच ऑफिसात बसता ना?” कुलगुरूबाईंनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, खरोखरचं कुतूहल होतं, आणि तेच जास्त लागलं. त्यांनी पुढच्या महिन्यातली तारीख दिली.

दोघं ऑफिसात परत आले. दार लागलं आणि मग दोघं एकदमच सुरू झाले.

“तू फरशी खाली घेतलीस हे मला कुणी सांगितलं?”

“कागद तुझ्या टेबलावर आठवडाभर पडला होता. बघायचा होतास!”

“मी कागदावरचं झाड बघितलं. पातळी आकड्यांत लिहितात, कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात. ते मला कसं दिसणार?”

“आणि तू चौथरा एवढा उंच कशाला केलास? कुणाचा पुतळा बसवायचाय तिथे?”

“मनोरा जमिनीतून उगवल्यासारखा नको दिसायला. उभा राहिलेला दिसला पाहिजे.”

“दिसेल ना, लांबून! जवळ आलेल्या माणसाला काय? तुझं हे नेहमीचंच. उंटावरून शेळ्या हाकायच्या.”

“आणि तुझं काय नेहमीचं? मनात ठरवायचं, करून मोकळं व्हायचं, आणि मग ‘तू बघायचं होतंस’ म्हणायचं.”

हे चौथऱ्याबद्दल राहिलं नव्हतं, आणि दोघांनाही ते कळत होतं. लेकीची शाळा तिने परस्पर बदलली होती. त्याने आपल्या आईला कायमचं राहायला आणलं होतं आणि हिला कळलं ते सामानाचा टेम्पो दारात लागल्यावर. आईशी तिचं कधी वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते त्या टेम्पोशी. मोठं भांडण असं त्यांच्यात कधी झालंच नाही. शेवटी शेवटी एकमेकांच्या बातम्या त्यांना लेकीकडून समजायच्या, आणि एके दिवशी लेकीनेच दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, “मी काही तुमचा नोटीसबोर्ड नाही.”

काका कोपऱ्यात पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करत होते. माळीण त्यांच्याकडे वळली.

“काका, तुम्ही कापलंत ना हे? तुम्हाला दिसलं नाही?”

“दिसलं की,” काका म्हणाले. “मला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल. असं कसं नसेल झालं, असं वाटलं.” आणि ते चहा सांगायला म्हणून बाहेर गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

खोलीत दोघंच राहिले. खांब खिडकीशी उभा होता. बाहेर बघतच तो म्हणाला, “उद्या जागेवर जाऊ. फक्की घेऊन. आखून बघू.”

“दोघं?” तिने विचारलं, आणि आपण हे का विचारलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विद्यापीठात पोचले. तिच्याकडे टेप आणि पहार, त्याच्याकडे फक्कीची पिशवी. त्याने ग्रंथालयाच्या दारापासून दोरी लावून सरळ रेघ मारली आणि मनोऱ्याचा चौकोन आखायला घेतला. पांढरी पावडर त्याच्या काळ्या बुटांवर पडत होती. तेवढ्यात विज्ञानशाखेकडून कुणीतरी धावत आलं. त्यांची लेक होती. तिथेच दुसऱ्या वर्षाला होती. चेहरा पांढराफटक.

“काय झालं? आजी…?”

“काय व्हायचंय आजीला?” खांब गोंधळला.

“मग तुम्ही दोघं एकत्र का आलात?”

 लेकीची पाचावर धारण बसली होती. आईबाप शेजारी शेजारी उभे दिसले म्हणजे घरात कुणीतरी गेलं असणार, एवढाच अर्थ पोरीला लागला होता. माळिणीने तिला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. खांब म्हणाला, “काम आहे गं. नुसतं काम आहे.”

लेक थोडी सावरली, मग तिला रागही आला. “फोन करायचा ना आधी! माझं प्रॅक्टिकल अर्धं टाकून धावत आले मी.” ती तरातरा परत गेली. जाताना फक्कीच्या रेघेवरून गेली आणि रेघ मध्येच पुसली.

खांबाने वाकून रेघ पुन्हा मारली. वाकलेला असतानाच तो म्हणाला, “आपण हिला काय करून ठेवलंय.”  माळीणही तोच विचार करत होती.

मग तिने त्याला झाडाजवळ बोलावलं. “इकडे ये. तुला काहीतरी दाखवते. कागदावर दिसत नाही हे.” तिने पहारीने माती हलकेच खरवडली. वीतभर खाली बोटभर जाडीचं मूळ निघालं. ती चार पावलं बाहेर गेली, तिथे खरवडलं, तिथेही निघालं. आणखी पुढे गेली. फांद्यांची सावली जिथे संपत होती तिथूनही पुढे, त्याच्या पांढऱ्या चौकोनाच्या आत जाऊन तिने पहार टेकवली, आणि तिथेही निघालं.

खांब उकिडवा बसला. त्याने मुळाला हात लावून बघितलं. “मला वाटलं होतं, मुळं खाली जातात.”

“सगळ्यांना तसंच वाटतं.”

“माझ्या पायाचं काँक्रीट या चौकोनाच्याही बाहेर जातं. चारी बाजूंनी.”

“मग झाड दोन-तीन वर्षांत वाळेल,” ती म्हणाली. आता तो काय म्हणणार ते तिला तोंडपाठ होतं. आपण नवीन झाड लावू. कॉलेजपासून ती हे ऐकत आली होती.

त्याने खरवडलेली माती हाताने मुळावर परत सारली. मग उठला आणि बुटाने पांढरी रेघ पुसायला लागला.

“काय करतोयस?”

“मनोरा सरकवतोय. पूर्वेला, तिकडे.”

“आणि ग्रंथालयाच्या दाराची रेघ? सगळं त्या रेघेवर होतं ना तुझं?”

“मीच काढली होती. मीच पुसतो.” त्याने कपाळ पुसलं, तिथेही फक्की लागली. “पण मग तुझी वाट सावलीतून जाणार नाही. ती पुन्हा करावी लागेल तुला.”

“करीन की,” ती म्हणाली. “तुला विचारून करीन.”

तो हसला. तीही हसली, पण लगेच टेप गुंडाळायला लागली.

पुढचे दिवस दोन्ही टेबलं एकमेकांना जोडलेली होती. भांडणं काही कमी झाली नाहीत, उलट वाढलीच. पण आता ती समोरासमोर होत आणि पेन्सिल हातात घेऊन होत. सत्तर सेंटिमीटरचं काय करायचं यावर बरंच डोकं खाजवून झालं. एवढ्या उंचीवर बसता येत नाही, पाय लोंबकळतात, आणि चढताही येत नाही. माळीण म्हणाली, “माणूस पंचेचाळीसवर सुखाने बसतो. मी माझी फरशी हळूहळू चढवत आणते, पंचवीसचा चढ कुणाला कळणारही नाही. उरलेल्या पंचेचाळीसचा ओटा कर. तुझा चौथरा म्हणजेच पोरांची बैठक.”

“चौथऱ्यावर पोरं बसणार?”

“नाहीतर कोण बसणार? तू?”

त्याने रात्री विचार केला आणि सकाळी येऊन ओटा तर मान्य केलाच, वर दार आणि खालच्या भिंतीही काढून टाकल्या. चार खांब मोकळे ठेवले, त्यातला एक जाड करून जिना त्याच्या पोटात घातला. आता माणूस थेट घंटेच्या खाली येऊन उभा राहू शकत होता. मान वर केली की घंटेचं पोट दिसणार होतं. घंटेची दोरी मधोमध खाली सोडली होती. माळिणीने तो कागद बघितला आणि आपल्या फरशीचा पट्टा पुढे वाढवून, ओट्याला मधोमध छेदत, मनोऱ्याच्या पोटातून आरपार नेला.

दुसऱ्या सभेत इंजिनियरने त्या दोरीवर बोट ठेवलं. “ही अशी उघडी सोडली तर परीक्षेच्या आदल्या दिवशी कार्टी रात्रभर वाजवत बसतील.”

“वाजवू देत,” कुलगुरूबाई म्हणाल्या. “चार दिवस वाजवतील, मग कंटाळतील.” त्यांनी मनोरा पुन्हा दोन बोटांनी उचलून बघितला, परत ठेवला, आणि या वेळी तो नीट बसला. सही करायला त्यांनी पेन मागितलं.

काम सुरू झालं तसं आजूबाजूचे लोक मनात मांडे खायला लागले. काका उगाचच खुशीत असायचे. खांबाची आई तर आधीपासूनच कुणाला जुमानत नव्हती. ‘घटस्फोट त्याने घेतलाय, मी नाही घेतला,’ असं म्हणून ती अजूनही गोळ्या कुठल्या डब्यात आहेत ते विचारायला माळिणीलाच फोन करायची. आता ती फोनवर आवाज खाली आणून म्हणाली, “सूनबाई, एवढं जमतंय तर…”

“आई, काम जमतंय,” माळीण म्हणाली.

“कामच तर असतं सगळं,” आई म्हणाली.

हे वाक्य माळिणीच्या डोक्यातून जाईना. म्हणूनच, एका संध्याकाळी साइटवरून परत येताना खांबाने तिच्या घराखाली गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं, तेव्हा तो काय विचारणार ते तिला आधीच कळलं.

“एक विचारू?” तो म्हणाला. “पुन्हा एकदा बघायचं का?”

 समोरच्या दुकानाचं शटर खाली येत होतं. गेल्या काही महिन्यांत तिला तो आवडला होता, हे खोटं नव्हतं. रेघ पुसताना आवडला होता, भांडतानाही आवडला होता. पण संध्याकाळी घरी जाऊन दार उघडलं की आत कुणी नसतं हेही तिला आवडायला लागलं होतं. आपला चहा, आपली खिडकी, आणि कुणी काय ठरवलं असेल याचा अंदाज बांधत बसायचं नाही.

“नको,” ती म्हणाली. “रागाने नाही म्हणत. आपल्यापुढे एक कागद असतो तेव्हा आपण बरे असतो. घरात तसा कागद नसतो.”

त्याने मान हलवली. स्टीअरिंगवर बोटं वाजवली.

“आणि तू विचारलंसच, तर मलाही सांगायचंय,” ती पुढे म्हणाली. “हे काम संपलं की मी वेगळी खोली घेणार आहे. माझं माझं ऑफिस. अजून कुणाला सांगितलं नाही. काकांनाही नाही. तुला आधी सांगतेय.”

 त्याला दुखलं होतं, ते दिसत होतं. मग म्हणाला, “आधी सांगितलंस, हे बरं केलंस,” आणि चावी काढून तिची अवजड पिशवी वर नेऊन द्यायला उतरला. तिने त्याला नेऊ दिली.

मनोरा पुढच्या वर्षी उभा राहिला. पहिला महिनाभर पोरांनी दोरी सोडली नाही. पास झालं म्हणून घंटा, नापास झालं म्हणूनही घंटा, कुणी कुणाला होकार दिला म्हणून भर व्याख्यानात घंटा. बांधकाम विभागाचा इंजिनियर कुलगुरूबाईंकडे बघायचा आणि त्या खिडकीबाहेर बघायच्या. मग खरंच सगळे कंटाळले, आणि सकाळ-संध्याकाळची घंटा तेवढी उरली. ओट्यावर मात्र दिवसभर जागा मिळत नसे. गंमत म्हणजे पोरं मनोऱ्याकडे पाठ करून, शिरीषाकडे तोंड करून बसत. खांबाला ते जरा लागलं. “एवढा मनोरा बांधला, आणि बघतात झाडाकडे.” माळिणीने खांदे उडवले.

तिची नवी खोली दोन गल्ल्या पलीकडे होती. काका सकाळी इकडे आणि जेवणानंतर तिकडे जायचे. पहिल्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या आठवड्यात ते दोन्हीकडे चहा चांगला मिळतो म्हणून सांगत फिरत होते.

एका दुपारी जोराचा पाऊस होऊन गेला आणि माळीण लेकीला भेटायला म्हणून विद्यापीठात गेली. सगळी फरशी धुतल्यासारखी लख्ख होती, फक्त ओट्याच्या पायथ्याशी, उत्तर कोपऱ्यात पाणी साचलं होतं. चांगलं पाऊल बुडेल एवढं. तिने फोन लावला.

“उत्तरेच्या कोपऱ्यात पाणी साचतंय.”

“येतो,” तो म्हणाला.

तो आला तेव्हा तिने विज्ञानशाखेतून एक झाडू मिळवला होता. त्याने बूट आणि मोजे काढले, पँट दुमडली, पाण्यात उतरून उकिडवा बसला आणि तळहात दगडाच्या सांध्यावरून फिरवत राहिला.

“उतार तुझा बरोबर आहे,” तो म्हणाला. “माझा ओट्याचा दगड किंचित पुढे आलाय. त्याने पाणी अडवलंय. गवंड्याला बोलावतो उद्या.”

“उद्या बोलाव. आत्ता बाजूला हो.”

ती झाडूने पाणी ढकलायला लागली. ओट्यावर बसलेल्या पोरापोरींनी न सांगता पाय वर घेतले. त्यांच्यात त्यांची लेकही होती. तिने आईकडे बघितलं, बूट हातात धरून उभ्या असलेल्या बापाकडे बघितलं, आणि शेजारच्या मैत्रिणीशी चाललेलं बोलणं पुढे चालू केलं.